साहेबांना हत्ती

सरगूरच्या शाखेत रुजू झालो तेव्हा मला कन्नडचे तीनच शब्द येत होते. ऊटा, नीरू आणि गोत्तिल्ला. जेवण, पाणी आणि माहीत नाही. बँकेतली नोकरी एवढ्यावर निभते, आणि त्यातही तिसरा शब्द सगळ्यांत उपयोगी. चौथा शब्द आपोआप चिकटला, तो ‘सार’. इकडे साहेबाला सार म्हणतात आणि भातावर जे पातळ ओढतात त्याला सारू. पहिल्याच आठवड्यात खानावळीत सारू हवं म्हणून मी टेचात ‘सार बेकु’ म्हणालो. वाढपी नम्रपणे म्हणाला, साहेब आत्ता बँकेत असतील.

म्हैसूरहून मानंतवाडीच्या रस्त्यानं निघालं की हँडपोस्टचा फाटा लागतो, तिथून आत वळलं की सरगूर. अंतर सुमारे 55 किलोमीटर. गावाला लागून कबिनी नदी, थोडं वर तिचं धरण, आणि त्यापलीकडे एका अंगाला बंडीपूरचं रान, दुसऱ्या अंगाला नागरहोळेचं. काही वर्षांपूर्वी हेग्गडदेवनकोटे तालुक्यातून फुटून सरगूर स्वतःच तालुक्याचं गाव झालं. मिरजेच्या माणसाला इथं यायचं काहीएक कारण नाही. म्हणूनच बँकेनं मला इथं पाठवलं असावं.

आमचे साहेब इकडचेच. नोकरीची शेवटची दोन वर्षं म्हणून गावाजवळची शाखा मागून घेतलेली. सकाळी येत तेव्हा डोळे लाल, जांभया चाललेल्या. खुर्चीत टेकले की फोन सुरू. त्या फोनवरचं कन्नड मला पळत्या एक्स्प्रेससारखं वाटायचं. फक्त एक शब्द दर दहा सेकंदांनी स्टेशनासारखा येऊन जाई, ‘आने’. आने इकडे, आने तिकडे, रात्री दोन आने. मी बँकेतला माणूस. मला वाटलं, साहेब जुन्या हिशेबातले, अजून आणे-पैत बोलतात. महिनाभरानं कळलं की आने म्हणजे हत्ती. मी मनाशी नोंद केली की साहेबांना हत्तींचं भारी वेड आहे. ही नोंद पुढे मला किती महागात पडणार होती, ते तेव्हा गोत्तिल्ला.

तर साहेब 31 तारखेला निवृत्त होणार, आणि निरोपाची भेट आणायची जबाबदारी सर्वानुमते माझ्यावर आली. सर्वानुमते म्हणजे मी चहा प्यायला गेलो होतो तेव्हा. कारण असं सांगितलं की मी बाहेरचा, म्हणून तटस्थ. हे साफ खोटं. मिरजेकडच्या बदलीचा माझा अर्ज साहेबांच्या उजव्या खणात पडून होता आणि त्यावर शिफारशीची सही व्हायची होती. इतका पक्षपाती माणूस अख्ख्या शाखेत दुसरा नव्हता.

निवृत्त होणाऱ्या साहेबाला भेट देणं सगळ्यांत सोपं, असं लोक मानतात. उद्यापासून तो साहेब नाही, मग लांगूलचालनाचा वास कसा येणार? पण सही आदल्या दिवशीपर्यंत होऊ शकते. आणि निवृत्त साहेब मेलेल्या हत्तीसारखा असतो, मेल्यावरही सव्वा लाखाचा. हेड ऑफिसात त्याचे बॅचमेट बसलेले असतात.

मुळात आपल्या भाषेनंच या बाबतीत घोळ घालून ठेवला आहे. बरोबरीच्याला द्यायचा तो आहेर. हाताखालच्याला द्यायचं ते बक्षीस, आणि दिवाळीत द्यायची ती पोस्त. शेतातलं नवं काही निघालं की शेजारीपाजारी धाडायचा तो वानवळा. या शब्दांमध्ये देणाऱ्याची मान कुठेही अवघडत नाही. पण खालून वर जे जातं त्याला एकच शब्द, नजराणा, आणि तो आजच्या ऑफिसात उच्चारायची सोय नाही. म्हणून मग माणूस काय म्हणतो? ‘काही नाही सर, गावाकडून आणलंय.’ म्हणजे नजराण्यावर वानवळ्याचं लेबल लावतो. दोन किलो काजू पुण्याच्या दुकानातले, पण तोंडाने वेंगुर्ल्याचे. पिशवीवरचं दुकानाचं नाव लपवायला ती उलटी करून पुन्हा भरलेली असते. उलटी पिशवी हा भारतीय कार्यालयीन संस्कृतीचा ध्वज आहे, असं माझं मत आहे.

ही युक्ती आपण शोधली असंही नाही. कंपनी सरकारचे गोरे नोकर नजराण्यांवर इतके गब्बर झाले की 1773 च्या रेग्युलेटिंग ॲक्टनं त्यांना भेटी घ्यायची बंदीच केली. मग डाली आली. नाताळात साहेबाच्या बंगल्यावर फळाफुलांची टोपली जायची, तिला डाली म्हणत. फळांना कोण लाच म्हणेल? वर संत्री, सीताफळं, झेंडू. खाली काय असेल ते टोपलीला ठाऊक आणि बटलरला. इंग्रजांनी या डालीचं ‘डॉली’ केलं आणि आपल्या कोशात बसवलं. वर असलेल्या माणसाला बिनकिमतीची दिसणारी वस्तू द्यावी, हे शास्त्र तेव्हापासून पक्कं झालं.

आमच्या कमिटीत मी, म्हैसूरहून रोज येजा करणाऱ्या मॅडम, मंगळूरचे हेडकॅशियर आणि गुंटूरचा नवा प्रोबेशनर. सगळे बाहेरचे. खुद्द सरगूरचा माणूस शाखेत एकच, आमचा प्यून, आणि तो कमिटीत नव्हता. त्याला मी कारण. माझा चुलतभाऊ केंद्र सरकारात आहे. 1964 ची वर्तणूक नियमावली त्याला अथर्वशीर्षासारखी पाठ. तिच्या 14 व्या नियमात म्हटलंय की निरोप समारंभासाठी वर्गणी द्यायला कुणावर दबाव आणू नये, आणि वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्यासाठी खालच्या श्रेणीतल्या कर्मचाऱ्यांकडून तर कुठल्याही परिस्थितीत वर्गणी गोळा करू नये. बँकेला ही नियमावली लागू नाही, पण नियम आवडला म्हणून मी तो लागू केला. प्यूनची वर्गणी माफ. त्यानं मान हलवली आणि वर्गणीबरोबर आपलं मतही खिशात ठेवून दिलं. पुढचं सगळं रामायण या एका माफीतून झालं.

(त्याच नियमावलीचा 13 वा नियम भेटींचा. त्यात एक फार प्रेमळ स्पष्टीकरण आहे. सहज घातलेलं जेवण, सहज दिलेली लिफ्ट आणि असाच इतर पाहुणचार ही भेट समजू नये. ‘सहज’ या शब्दावर या देशात केवढी मोठी उलाढाल चालते, ते ज्यानं लिहिलं त्याला पक्कं माहीत असणार.)

प्रत्येकी 500 रुपये जमले आणि चर्चा सुरू झाली. हेडकॅशियर म्हणाले, घड्याळ. मॅडम म्हणाल्या, साहेब रोज पावणेअकराला येतात, घड्याळ टोमणा वाटेल. मग म्हैसूर सँडलच्या साबणाचा मोठा डबा निघाला. 1916 साली कृष्णराज वडियारांच्या काळात चंदनाच्या तेलाचा सरकारी कारखाना सुरू झाला, त्यातून हा साबण आला. खानदानी वस्तू, वास उत्तम. पण साबण घ्या म्हणजे आंघोळ करा, असा अर्थ निघतो. अत्तराचंही तेच. पुस्तक दिलं तर ‘वाचा म्हणजे जरा कळेल’. पेन दिलं तर ‘आता तरी सही करा’, आणि हा अर्थ माझ्या बाबतीत शंभर टक्के खरा असल्यानं मीच ते घाईघाईनं खोडून काढलं. प्रोबेशनर म्हणाला, गिफ्ट कार्ड. त्याच्याकडे सगळ्यांनी असं पाहिलं की तो दुपारपर्यंत कुणाशी बोलला नाही. साहेबाला गिफ्ट कार्ड देणं म्हणजे पाकीटच देणं की.

मी सुट्टीहून येताना कोल्हापुरी चपलांचा एक सुंदर जोड आणला होता, साहेबांच्या मापाचा, करकर वाजणारा. तो दाखवला. मॅडमनी विचारलं, “तुमच्याकडे साहेबांना जोडे देतात?” जोड मी परत खोक्यात ठेवला. अजून मीच वापरतोय. दोन नंबर मोठा आहे.

शेवटी ‘तुम्ही म्हैसूरला जा आणि तुम्हाला योग्य वाटेल ते आणा’ असा ठराव झाला. हे वाक्य ज्याला ज्याला ऐकायला मिळालं त्याला त्याचा अर्थ ठाऊक आहे. वस्तू आवडली तर ती शाखेची, नाही आवडली तर तुमची.

रविवारी म्हैसूर गाठलं. सयाजीराव रोडवर उभं राहिलं की मराठी माणसाला उगीचच धीर येतो. पाटी कानडी, नाव घरचं. तिथं देवराज मार्केटच्या कडेला म्हैसूरपाकाचं ते प्रसिद्ध दुकान आहे. राजवाड्यातला आचारी काकासुर मादप्पा यानं कृष्णराज वडियारांच्या ताटात बेसन, तूप, साखरेचा एक नवाच प्रकार वाढला, महाराजांनी नाव विचारलं, आणि याला नावच सुचलेलं नव्हतं म्हणून तो ‘म्हैसूरपाक’ म्हणून मोकळा झाला, अशी गोष्ट सांगतात. दुकान त्याच्या वंशजांचं. पाव किलो घेऊन पायरीवर उभ्याउभ्या खाता खाता लक्षात आलं की वरिष्ठाला दिलेली आदर्श भेट ही. साहेबानं तोंडात टाकली, विरघळली, पुरावा नष्ट. कपाटात राहत नाही, धूळ खात नाही, पुढच्या साहेबाला दिसत नाही. इथंच थांबून दोन किलो बांधून घेतलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

पण माझ्या डोक्यात ‘आने’ बसलेला होता. आणि या मुलखात साहेबाला हत्ती देण्याची परंपराही होती ना! सरगूरच्या वरच्या अंगाला काकनकोटे. तिथं म्हैसूरचे महाराज खेडा भरवत. रानात मोठं कुंपण घालायचं, ढोलताशे, मशाली, बंदुकांचे बार करत शेकडो माणसांनी हत्तींचा कळप नदीकडे रेटायचा आणि कुंपणात कोंडायचा. एरवी हत्ती धरण्याचा धंदाच तो. पण वरचा पाहुणा आला की खेड्याचा जलसा व्हायचा. 1889 मध्ये राणी व्हिक्टोरियाचा नातू अल्बर्ट व्हिक्टर आला, त्याला खेडा दाखवला. 1906 मध्ये त्याचा धाकटा भाऊ, पुढचा पंचम जॉर्ज आला, त्यालाही दाखवला. आता महाराज कितीही मोठे असले तरी त्यांनाही वर साहेब होताच. 1799 च्या तहात वर्षाला 7 लाख स्टार पगोडा इंग्रजांना द्यायचे ठरलेले. ती झाली वर्गणी, खेडा ही वरची भेट. पाहुण्यासाठी तंबू, गालिचे, मचाण, आणि समोर नदीत चित्कारणारे हत्ती. ‘काही नाही सर, आमच्याकडे हे असं सहजच असतं.’ शेवटचा खेडा 1971 मध्ये झाला. नंतर 1974 ला कबिनीचं धरण पुरं झालं आणि काकनकोटेचं बरंचसं रान पाण्याखाली गेलं. कारापूरच्या ज्या बंगल्यातून महाराजांचे पाहुणे शिकारीला निघत, तिथं आता पर्यटक पैसे मोजून हत्ती पाहायला येतात.

इतिहासाचा असा भक्कम आधार घेऊन मी सरकारी एम्पोरियममध्ये शिरलो आणि शिसवी लाकडाचा हत्ती घेतला. दीड वीत उंच, अंगावर पांढरी-पिवळी जडावाची नक्षी, सोंड वर. सोंड वर असलेला शुभ, असं विक्रेत्यानं सांगितलं. खाली असलेलेही तो कुणालातरी विकत असणारच, त्यांना काय सांगत असेल देव जाणे. दोन्ही दात वेगळे होते. ते शेवटी बसवायचे असतात म्हणून त्यानं कागदाच्या पुडीत बांधून सोंडेला दोऱ्यानं अडकवून दिले.

बसमध्ये हत्ती मांडीवर. रविवारची गर्दी, हँडपोस्टला गाडी बदलायची. चकाकत्या कागदातून सोंडेचं टोक बाहेर आलं होतं आणि शेजारच्या आज्जींच्या दंडाला प्रत्येक खड्ड्यात लागत होतं. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. मी कागद थोडा सारून दाखवला. त्या हसल्या, सोंडेला हात लावून नमस्कार केला आणि पदराच्या गाठीतलं एक नाणं कागदात सरकवलं. एका हत्तीचं देऊळ व्हायला किती वेळ लागतो, ते मी पाहिलं. कंडक्टर मात्र लगेज घ्यायचं की नाही यावर बराच वेळ विचार करत उभा होता.

सरगूरला उतरून खोलीवर पुडी सोडली तर दात एकच. दुसरा म्हैसूर ते सरगूर दरम्यान कुठंतरी वनवासी झालेला. घाम फुटला. जहांगीर बादशहाची आठवण झाली. इंग्रजांचा वकील सर थॉमस रो यानं त्याला विलायतेहून आणलेली बग्गी नजर केली होती. बादशहानं ती सगळी उसवली, आतलं कापड उपटून जरीचं घातलं, आणि पितळी खिळे काढून चांदीचे ठोकले. म्हणजे भेट घेतली, पण सगळ्या दरबाराला कळेल अशा रीतीनं तिची लायकीही सांगून टाकली. इथं तर खिळे सोडाच, दातच नव्हता. दुसरा कुठून आणणार? एक दात बसवला, कागद पुन्हा चिकटवला आणि झोपलो. झोपलो म्हणजे छताकडे पाहत पडलो.

31 तारखेला समारंभ इकडच्या रिवाजानं थाटात. साहेबांना म्हैसुरी पेटा बांधला, शाल पांघरली, हार घातला, फळांची टोपली दिली. पेट्यामुळे त्यांच्या लाल डोळ्यांना एकदम दिवाणासारखा भारदस्तपणा आला. भाषणं झाली. मी ‘एल्लरिगू नमस्कार’ म्हणून टाळ्या घेतल्या. मग मी पुढे होऊन खोकं दिलं.

साहेबांनी कागद सावकाश, घडी न मोडता सोडवला. बँकवाले आयुष्यभर असाच कागद सोडवतात. आत हत्ती. साहेबांनी पाहिलं. बरंच पाहिलं. हॉलमध्ये कुणी हलेना. आणि मागच्या भिंतीला टेकलेल्या आमच्या प्यूनच्या तोंडून, त्याचा बहुधा इलाज चालला नाही म्हणून, बाहेर पडलं,

“आने बंतु, सार!”

हत्ती आला, साहेब! म्हैसूरच्या मॅडम तोंडाला पदर लावून वाकल्या. कौंटरपलीकडचे शेतकरी खातेदार मांडीवर थाप मारून हसायला लागले. मला काही कळेना. हेडकॅशियरनी कानात जे सांगितलं ते त्यांनाही आत्ताच कुणीतरी सांगितलं होतं. साहेबांची रानाच्या कडेला केळीची बाग. दोन वर्षं दर काही रात्रींनी त्यात हत्ती शिरतात. साहेब रात्रभर टॉर्च आणि फटाके घेऊन बांधावर. सकाळचे ते फोन वनखात्याला, शेजाऱ्याला, भावाला. रात्री दोन आने म्हणजे रात्री दोन हत्ती आले होते. पावणेअकराचं कारणही तेच. हे सगळं सरगुरात शेंबड्या पोराला ठाऊक होतं. आम्ही मात्र सगळे सहाच्या बसनं म्हैसूरला पळणारे, आणि मी खोलीवर दार लावून बदलीच्या नियमांचा अभ्यास करणारा.

साहेब हसले नाहीत. त्यांनी हत्ती उचलून उजेडाकडे फिरवला.

“ह्याचा एक दात?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते बसमध्ये राहिलं होतं. मी ‘गोत्तिल्ला’ म्हणणार तेवढ्यात प्यूननं वाचवलं. “गणपती, सार. एकदंत.”

हत्ती धरणाऱ्यांच्या भाषेत एका दाताच्या नराला गणेशच म्हणतात, हे मी नंतर वाचलं. साहेबांनी मान हलवली. मग माझ्याकडे पाहून माझ्यासाठी मुद्दाम हिंदीत म्हणाले, “मेरे खेत में जो आता है, उसका भी एक ही दाँत है.” आणि आता मात्र ते हसायला लागले, पेटा तिरपा होईपर्यंत. “तुम्ही पाहिलात कधी त्याला?” मी म्हणालो, नाही सार. “मग दात बरोबर कसा काढलात?”

खाली ठेवताना त्यांनी हत्तीचं तोंड दाराकडे केलं. बाहेर जायची वाट दाखवल्यासारखं.

संध्याकाळी जीपमध्ये बसण्याआधी त्यांनी मागून एक पोतं काढायला लावलं. आत केळीचे घड. प्रत्येकाला एकेक फणी, प्यूनला दोन. माझी फणी हातात घेतली तर तिच्या टोकाकडची चार केळी ओरबाडून गेलेली, आणि सालीवर चिखलाचा रुंद पट्टा.

“काही नाही,” साहेब म्हणाले, “घरचीच आहेत. त्याची खाऊन उरलेली.”

जीप निघून गेली. मी केळी घेऊन आत आलो आणि उजवा खण उघडून पाहिला. अर्जावर सही होती. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची.